प्राणघातक वाहनचालन

सार्वजनिक मार्गावर बेदरकारपणे अथवा हयगयीने वाहन हाकून दुसऱ्याच्या मृत्यूस कारण होणे, हा फौजदारी अपराध होय. या अपराधात मारण्याचा हेतू नसतो आणि मृत्यू घडेल अशी जाणीवही बहुधा नसते. तथापि दुसऱ्याच्या जीविताविषयी जी किमान काळजी समाज प्रत्येकाकडून अपेक्षितो ती न घेतल्यामुळे माणूस दगावतो. म्हणून निव्वळ अपघात आणि सदोष मनुष्यवध या दोहोंच्या दरम्यान या अपराधाचे स्थान आहे. त्याच्या सीमा कोठे आखाव्यात व त्यास शिक्षा किती असावी, हा प्रश्न भारतीय विधिक्षेत्रात दीडशेहून अधिक वर्षे चर्चिला गेला आहे. २०२२ या एका वर्षात भारतातील रस्त्यांवर १,६८,४९१ व्यक्ती अपघातांत मृत्युमुखी पडल्या. हे लक्षात घेता या प्रश्नाचे महत्त्व केवळ विधिज्ञांपुरते उरत नाही.

संहितेतील उणीव व १८७० ची दुरुस्ती : मेकॉलेच्या अध्यक्षतेखालील विधी आयोगाने १८३७ मध्ये सादर केलेल्या दंडसंहितेच्या मसुद्यात बेदरकार किंवा हयगयीच्या कृतीने मृत्यू घडविण्याबद्दल स्वतंत्र तरतूद होती. १८६० मध्ये संमत होऊन १ जानेवारी १८६२ पासून अंमलात आलेल्या भारतीय दंड संहितेत मात्र ती उतरली नाही. कलम २७९ अन्वये सार्वजनिक मार्गावर मानवी जीवितास धोका होईल अशा रीतीने गाडी हाकणाऱ्यास सहा महिन्यांपर्यंत कारावास देता येई. परंतु तीच गाडी अंगावरून जाऊन माणूस मेल्यास त्या मृत्यूला नेमके लागू पडणारे कलम नव्हते. सदोष मनुष्यवधाच्या कलमासाठी हेतू किंवा जाणीव सिद्ध करावी लागे आणि ती अशा प्रकरणांत क्वचितच सिद्ध होई. ही उणीव १८७० च्या सत्ताविसाव्या अधिनियमाने दूर करण्यात आली व संहितेत ३०४-अ हे कलम घालण्यात आले. त्या वेळी जेम्स फिट्‌सजेम्स स्टीव्हन हे विधी सदस्य होते. सदोष मनुष्यवध ठरत नाही अशा बेदरकार वा हयगयीच्या कृतीने मृत्यू घडविणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कारावास, द्रव्यदंड किंवा दोन्ही शिक्षा या कलमाने ठरविल्या.

हे कलम केले गेले, तेव्हा मोटारगाडी अस्तित्वात नव्हती. रस्त्यांवर बैलगाड्या, छकडे, टांगे व घोड्यांच्या बग्ग्या चालत. शिवाय कलमाची भाषा वाहनापुरती मर्यादित नव्हती. वैद्याची चूक, कारखान्यातील आग, विहिरीचे वा भिंतीचे धोकादायक काम अशा नाना प्रकारच्या कृती तिच्या कक्षेत येत. पुढे मोटारी वाढल्या, तसे हे सर्वसाधारण कलम व्यवहारात मुख्यतः रस्त्यावरील मृत्यूंचे कलम बनले. त्याची शिक्षा मात्र बैलगाडीच्या काळातलीच राहिली.

बेदरकारपणा व हयगय : या दोन संज्ञांची व्याख्या संहितेने केली नाही. ती न्यायालयांनी घडविली. मद्रास उच्च न्यायालयाने १८७२ मध्ये आणि अलाहाबाद उच्च न्यायालयाने १८८१ मध्ये एम्प्रेस विरुद्ध इडू बेग या प्रकरणात त्यांतील भेद स्पष्ट केला. धोका डोळ्यांसमोर असूनही काही होणार नाही अशा भरवशावर कृती करणे, हा बेदरकारपणा होय. सामान्य विवेकी माणूस जी खबरदारी घेईल ती न घेणे, ही हयगय होय. पहिल्यात धोक्याचे भान असते, पण त्याची पर्वा नसते; दुसऱ्यात भान ठेवण्याचे कर्तव्यच पाळले जात नाही. फौजदारी जबाबदारीसाठी ही हयगय नुकसानभरपाईच्या दाव्यातील हयगयीपेक्षा अधिक गंभीर असावी लागते.

कार्यकारणसंबंधाचा मूलभूत नियम मुंबई उच्च न्यायालयाने घालून दिला. १९०२ मधील एम्परर विरुद्ध ओंकार रामप्रताप या प्रकरणात मुख्य न्यायाधीश सर लॉरेन्स जेंकिन्स यांनी असे प्रतिपादिले की, मृत्यू हा आरोपीच्या कृतीचा प्रत्यक्ष परिणाम असला पाहिजे; ती कृती मृत्यूचे निकटचे व प्रभावी कारण असावी आणि मध्ये दुसऱ्या कोणाची हयगय आलेली नसावी. मुंबईतील एका रंगाच्या कारखान्यात आग लागून सात कामगार मरण पावले होते. त्यासंबंधीच्या कुर्बान हुसेन रंगवाला विरुद्ध महाराष्ट्र राज्य (१९६५) या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हाच नियम स्वीकारला आणि तेव्हापासून वाहन अपघातांच्या खटल्यांतही तो सर्वत्र लागू केला जातो.

इंग्लंडमधील विकास : १७ ऑगस्ट १८९६ रोजी लंडनच्या क्रिस्टल पॅलेस परिसरात मोटारीच्या धक्क्याने एक पादचारी महिला मरण पावली. ब्रिटनमधील मोटारीमुळे झालेला हा पहिला पादचारी मृत्यू मानला जातो. मृत्युसमीक्षेत तो अपघाती ठरला. पुढे तेथे अशा चालकांवर मनुष्यवधाचा आरोप ठेवला जाई. परंतु स्वतःही मोटार चालविणारे पंच त्या भारदस्त नावाच्या अपराधाबद्दल दोषी ठरविण्यास कचरत. या अनुभवावरून १९५६ च्या कायद्याने धोकादायक वाहनचालनाने मृत्यू घडविणे हा स्वतंत्र अपराध निर्माण केला. त्याची कमाल शिक्षा आरंभी पाच वर्षे होती. ती क्रमाने दहा व चौदा वर्षे होत २०२२ मध्ये आजन्म कारावासापर्यंत गेली. भारतात पंचांची पद्धत मागे पडली आणि निराळा अपराधही निर्माण झाला नाही. येथे शिक्षा तीच राहिली व तिच्याभोवती न्यायालयीन अर्थविस्तार वाढत गेला.

मोटारवाहनविषयक कायदे : प्रांतोप्रांतीच्या नियमांनंतर १९१४ मध्ये अखिल भारतीय मोटारवाहन कायदा झाला. त्याची जागा १९३९ च्या व पुढे १ जुलै १९८९ पासून अंमलात आलेल्या १९८८ च्या अधिनियमाने घेतली. या अधिनियमाचे कलम १८४ धोकादायक वाहनचालनास आणि कलम १८५ मद्याच्या अंमलाखालील वाहनचालनास शिक्षा सांगते. रक्ताच्या १०० मिलिलिटरमध्ये ३० मिलिग्रॅमहून अधिक मद्यार्क आढळल्यास दुसरा अपराध पूर्ण होतो. कलम १३४ नुसार अपघातानंतर जखमीस वैद्यकीय मदत मिळवून देणे व पोलिसांना कळविणे हे चालकाचे कर्तव्य आहे. मात्र जमावाच्या रोषामुळे अथवा आवाक्याबाहेरील कारणामुळे मदत देणे शक्य नसेल, तर तेवढ्यापुरती सूट आहे. हे अपराध मृत्यूच्या अपराधाहून वेगळे आहेत. एकाच घटनेत दोन्ही कायद्यांखाली खटला चालू शकतो, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये स्पष्ट केले आहे.

मराठवाड्यातील स्थित्यंतर : या कायद्याचा इतिहास महाराष्ट्राच्या सर्व भागांत एकसारखा नाही. नांदेड जिल्ह्यातील बिलोली तालुका हे याचे चांगले उदाहरण होय. मांजरा नदीच्या परिसरातील हा सरहद्दीचा तालुका १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता. संस्थानात ब्रिटिश भारतातील दंडसंहिता थेट लागू नव्हती. तिच्या धर्तीवरील स्वतंत्र संहिता होती व वरिष्ठ न्यायालयांचा कारभार उर्दूतून चाले. प्रवासी वाहतूक मात्र येथे लवकर शासनाकडे आली. निजाम सरकारच्या रेल्वेने १९३२ मध्ये २७ बसगाड्यांनिशी रस्ते वाहतूक विभाग सुरू केला. १७ सप्टेंबर १९४८ नंतर संस्थान भारतात विलीन झाले आणि १९५१ च्या ‘ब’ वर्ग राज्यांविषयीच्या अधिनियमाने १ एप्रिल १९५१ पासून भारतीय दंड संहिता या भागास लागू झाली. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात व १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात आला. बिलोलीच्या खटल्यांची वरिष्ठ अपिले त्यामुळे आधी हैदराबादला, मग मुंबईला आणि १९८१ पासून उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद येथील खंडपीठाकडे जाऊ लागली. कलम १८७० चे असले, तरी बिलोलीच्या शेतकऱ्याला व गाडीवानाला ते लागू झाले एक्याऐंशी वर्षे उलटल्यावर, म्हणजे स्वातंत्र्यानंतर.

अशा तालुक्यात खटल्याचा प्रवास सामान्यतः पुढीलप्रमाणे होतो. ठाण्यात प्रथम खबर नोंदली जाते, घटनास्थळाचा पंचनामा व शवविच्छेदन होते, मोटारवाहन निरीक्षक गाडीचे ब्रेक व सुकाणू तपासून अहवाल देतो आणि दोषारोपपत्र प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे दाखल होते. अपराध दखलपात्र पण जामीनपात्र असल्याने चालक बहुधा लवकरच सुटतो. यानंतरची खरी अडचण पुराव्याची असते. साक्षीदारांपैकी बरेच जण आवाज ऐकून धावत आलेले असतात. त्यांनी अपघातानंतरचे दृश्य पाहिलेले असते, अपघात नव्हे. गाडी ‘भरधाव’ होती एवढेच ते सांगतात. चाकांच्या खुणा, रस्त्याची रुंदी, वळण, उजेड, गाडीचा ताबा नेमका कोणाच्या हाती होता, या गोष्टी पंचनाम्यात काटेकोरपणे आल्या नसतील, तर पुढे त्या कोणी भरून काढू शकत नाही. सरहद्दीच्या तालुक्यांत वाहन शेजारच्या राज्यातील, चालक तेलुगू भाषक व साक्षीदार हंगामी मजूर असण्याचा संभव असतो. वर्षे उलटल्यावर त्यांना न्यायालयात आणणे कठीण जाते. मेलेला माणूस पायी चाललेला शेतमजूर किंवा सायकलस्वार असेल, तर त्याच्या घरच्यांना आधी मजुरी बुडवून तारखेला यावे लागते आणि अखेरीस संशयाचा फायदा आरोपीला मिळाल्याचे ऐकावे लागते.

पुराव्याविषयीचे निर्णय : न्यायालयांनी या बाबतीत आरोपीच्या हक्कांना बाध येऊ दिलेला नाही. सुलेमान रहिमान मुलाणी विरुद्ध महाराष्ट्र राज्य (१९६८) या प्रकरणात जीप चालविणाऱ्याकडे केवळ शिकाऊ परवाना होता. परवाना नसणे म्हणजे वाहन चालविता न येणे असे कायद्याने गृहीत धरता येत नाही आणि अपघात कसा घडला याचाच पुरावा नसेल तर कलम ३०४-अ लागू होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने ठरविले. महादेव हरी लोकरे विरुद्ध महाराष्ट्र राज्य (१९७२) या प्रकरणात, पादचारी अचानक आडवा आल्यास बस कितीही हळू असली तरी चालक अपघात टाळू शकेलच असे नाही, हे मान्य करण्यात आले. याउलट भालचंद्र वामन पाठे विरुद्ध महाराष्ट्र राज्य (१९६७) या मुंबईच्या प्रकरणात गाडीचा वेग मर्यादेत असल्यामुळे बेदरकारपणा सिद्ध झाला नाही. तथापि पादचाऱ्यांसाठी आखलेल्या ओलांडणीवर समोर लक्ष न ठेवणे ही हयगय मानली गेली. सय्यद अकबर विरुद्ध कर्नाटक राज्य (१९७९) या निर्णयानुसार, घटनाच स्वतः बोलते हे तत्त्व फौजदारी खटल्यात सिद्धतेची जबाबदारी आरोपीवर टाकू शकत नाही. ते पुरावा जोखण्याचे एक साधन मात्र ठरू शकते. ‘भरधाव’ हा सापेक्ष शब्द असून केवळ त्यावरून दोष सिद्ध होत नाही, असे त्याच न्यायालयाने १९९८ मध्ये सांगितले.

सदोष मनुष्यवधाकडे कल : एकविसाव्या शतकाच्या आरंभी महानगरांतील काही घटनांमुळे दोन वर्षांच्या शिक्षेचा अपुरेपणा लोकांच्या नजरेत भरला. १० जानेवारी १९९९ रोजी दिल्लीत एका मोटारीखाली सहा जण ठार झाले. १२ नोव्हेंबर २००६ रोजी मुंबईत वांद्र्याच्या कार्टर रोडवर पदपथावर झोपलेल्या मजुरांवरून मोटार गेली. सात जण मृत्युमुखी पडले व आठ जखमी झाले. सत्र न्यायालयाने कलम ३०४-अ खाली सहा महिन्यांची शिक्षा व पाच लाख रुपये द्रव्यदंड दिला. मुंबई उच्च न्यायालयाने २००७ मध्ये हा निर्णय फिरवून कलम ३०४ च्या दुसऱ्या भागाखाली तीन वर्षांची शिक्षा दिली आणि ॲलिस्टर अँथनी परेरा विरुद्ध महाराष्ट्र राज्य या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १२ जानेवारी २०१२ रोजी ती कायम केली. आपली कृती इतकी धोकादायक आहे की तीतून मृत्यू संभवतो, हे समंजस माणूस म्हणून ज्यास ठाऊक असले पाहिजे, त्याच्या ठायी परिणामाची जाणीव मानता येते, असा या निर्णयाचा आशय होय. दिल्लीच्या प्रकरणातही त्याच वर्षी हेच कलम लागू करण्यात आले. तेथे भोगलेली शिक्षा पुरेशी मानून पन्नास लाख रुपये भरण्याचा व दोन वर्षे समाजसेवेचा आदेश झाला.

तथापि ही सीमारेषा अजून पुरेशी स्थिर नाही. प्रभाकरन विरुद्ध केरळ राज्य (२००७) या प्रकरणात प्रवाशांनी सावध करूनही वेगाने बस नेणाऱ्या चालकाने एका विद्यार्थ्यास चिरडले होते. तरीही सर्वोच्च न्यायालयाने त्यास ३०४-अ हेच कलम लावले. मद्यपान, पदपथावर गाडी चढविणे, अनेकांचे बळी या गोष्टी जाणिवेच्या निदर्शक मानल्या जातात. पण त्यांपैकी कोणती निर्णायक, याचा ठाम नियम नाही. पुण्यात २५ जानेवारी २०१२ रोजी राज्य परिवहनाची बस पळवून नेऊन एका चालकाने नऊ जणांचा बळी घेतला. त्यावर खुनाचा आरोप सिद्ध झाला. फाशीची शिक्षा सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये जन्मठेपेत बदलली. वाहन हे हत्यार झाले की ते या विषयाच्या कक्षेबाहेर जाते, हे यावरून दिसते.

शिक्षेचे धोरण : रतन सिंग विरुद्ध पंजाब राज्य (१९७९) या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने मालमोटारचालकाची दोन वर्षांची शिक्षा कायम केली, त्याच वेळी बळी पडलेल्याचे कुटुंब व कैद्याचे आश्रित या दोहोंकडे कायद्याचे लक्ष जात नाही, ही उणीव दाखविली. दलबीर सिंग विरुद्ध हरियाणा राज्य (२०००) या निर्णयात अशा अपराध्यांना परिवीक्षेवर सोडण्यास नकार देण्यात आला. कारण शिक्षा निश्चित होणार याची जाणीव चालकाच्या मनात सतत असावी, असे न्यायालयाचे मत होते. विधी आयोगाने १९७१ च्या बेचाळिसाव्या अहवालात कमाल शिक्षा पाच वर्षे व २००९ च्या दोनशे चौतिसाव्या अहवालात दहा वर्षे करण्याची शिफारस केली.

हा बदल अखेरीस भारतीय न्याय संहिता, २०२३ या कायद्याने झाला. १ जुलै २०२४ पासून अंमलात आलेल्या या संहितेच्या कलम १०६ च्या पहिल्या पोटकलमाने कारावासाची कमाल मुदत पाच वर्षे केली. मृत्यू घडवून पोलिसांना वा दंडाधिकाऱ्यास न कळविता पळून जाणाऱ्या चालकास दहा वर्षांपर्यंत शिक्षा सांगणारे दुसरे पोटकलम मात्र त्या दिवशी अंमलात आणले गेले नाही. त्याविरुद्ध जानेवारी २०२४ मध्ये देशभर मालमोटारचालकांनी संप केला होता. थांबलो तर जमाव मारील आणि पळालो तर दहा वर्षे, हा त्यांचा पेच खोटा नव्हता. तसेच रस्त्यावर टाकून दिलेल्या जखमीचा वेळेवर उपचाराअभावी होणारा मृत्यूही खोटा नव्हता. जखमीस मदत करणाऱ्या त्रयस्थास चौकशीचा त्रास होऊ नये, म्हणून २०१९ च्या दुरुस्तीने मोटारवाहन अधिनियमात कलम १३४-अ घालण्यात आले आहे.

अल्पवयीन चालक : १९ मे २०२४ रोजी पहाटे पुण्याच्या कल्याणीनगर भागात एका अल्पवयीनाच्या भरधाव मोटारीखाली दोन तरुण अभियंते ठार झाले. बाल न्याय मंडळाने जामिनाच्या अटींत तीनशे शब्दांचा निबंध लिहिण्याची अट घातल्याने देशभर क्षोभ उसळला. या क्षोभामागील कायदेशीर मर्म वेगळे आहे. किमान सात वर्षांची शिक्षा सांगितलेला अपराधच ‘अघोर’ ठरतो व अशाच अपराधात सोळा वर्षांवरील मुलास प्रौढ म्हणून चालविता येते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये दिल्लीतील एका वाहन अपघाताच्या प्रकरणातच ठरविले आहे. सदोष मनुष्यवधाच्या या भागास किमान शिक्षा नाही. मुलास गाडी देणाऱ्या पालकास वा मालकास मात्र कलम १९९-अ प्रमाणे तीन वर्षांपर्यंत कारावास व पंचवीस हजार रुपये दंड होऊ शकतो.

नुकसानभरपाई : मृताच्या कुटुंबास फौजदारी निकालापेक्षा मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाचा निवाडा अनेकदा अधिक उपयोगाचा ठरतो. ही न्यायाधिकरणे १९५६ च्या दुरुस्तीने अस्तित्वात आली. तेथे निःसंशय पुरावा लागत नाही. संभाव्यतेचे पारडे पाहिले जाते. त्यामुळे चालक फौजदारी खटल्यात सुटला, तरी भरपाई मिळू शकते, हे १९८० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले. दोष सिद्ध न करताही काही भरपाई देण्याचे तत्त्व १९८२ मध्ये आले. धडक देऊन पळालेले वाहन सापडलेच नाही, तर वारसांना १ एप्रिल २०२२ पासून दोन लाख रुपये देण्याची योजना आहे. पूर्वी ही रक्कम पंचवीस हजार होती. ही माहिती खेड्यांत पोहोचत नाही व अर्ज होत नाहीत, ही मोठी उणीव होय.

समालोचन : दीडशे वर्षांच्या या इतिहासात कायद्याने आपले लक्ष सुकाणूवर बसलेल्या माणसावर केंद्रित केले. मृत्यूची कारणे मात्र बरीच मागपर्यंत पोहोचतात. क्षमतेबाहेर वाळू वा ऊस भरायला लावणारा मालक, खराब ब्रेकची गाडी रस्त्यावर आणणारा ठेकेदार, विश्रांती न देता सलग फेऱ्या घ्यायला लावणारी पद्धत आणि खड्डे वा फलक नसलेले वळण ठेवणारी यंत्रणा, हे घटक निकट कारणाच्या नियमामुळे बहुधा आरोपीच्या पिंजऱ्यापर्यंत येत नाहीत. रस्त्याच्या सदोष बांधणीने मृत्यू घडल्यास २०१९ च्या दुरुस्तीतील कलम १९८-अ प्रमाणे एक लाख रुपयांपर्यंत दंड सांगितला आहे, तो या दिशेचा आरंभ होय. शिक्षेची वर्षे वाढविल्याने दोषसिद्धी वाढत नाही; ती वाढते नेमक्या पंचनाम्याने, वेळेवर घेतलेल्या रक्तनमुन्याने व लवकर नोंदलेल्या साक्षीने. बिलोलीसारख्या तालुक्यातील मजुराच्या मृत्यूचा तपास महानगरातील गाजलेल्या प्रकरणाइतक्याच काळजीने होईल, तेव्हाच १८७० मध्ये भरून काढलेली उणीव खऱ्या अर्थाने भरून निघाली असे म्हणता येईल.